आमच्या क्वार्टरसमोरची प्रेअरी

माझ्या वडिलांनी गावच्या हायस्कूलमध्ये एकतीस वर्षं भूगोल शिकवला. त्या एकतीस वर्षांत त्यांनी एकदाही प्रेअरी पाहिली नाही. ती दिसली निवृत्तीनंतर बारा वर्षांनी, आर. के. पुरममध्ये, माझ्या सरकारी क्वार्टरच्या बाल्कनीतून, हातात चहाचा कप असताना.

“काय रे हे? एवढं मैदान आणि मधे एक झाड नाही. प्रेअरीच झाली की ही.”

मैदान म्हणजे आमच्या ब्लॉकसमोरचा पार्क. तिन्ही बाजूंना क्वार्टर्स, कडेने जुने कडुनिंब आणि मधे नुसतं गवत. मी तिथे सहा वर्षं राहत होतो आणि त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. पार्क दिसला की ‘वाः, पार्क आहे’ म्हणायचं आणि स्कूटर काढून ऑफिसला जायचं. पण बाबांना कुठलीही जागा विनाकारण तशी असू शकते हे मान्यच नाही. त्यांच्या वर्गात नदी वळली तरी तिला कारण द्यावं लागायचं.

मी स्वतः त्यांच्या वर्गात तीन वर्षं बसलोय. प्रेअरी, पंपास, स्टेप, व्हेल्ड, डाउन्स ही यादी मला आजही झोपेतून उठवलं तरी म्हणता येते. ऑफिसच्या संगणकाचा पासवर्ड मात्र दर सोमवारी आठवावा लागतो. यादीनंतर ठरलेला प्रश्न यायचा. समशीतोष्ण गवताळ प्रदेशात वृक्ष फारसे आढळत नाहीत, भौगोलिक कारण लिहा. आणि ठरलेलं उत्तर: तेथे पाऊस कमी पडतो. एक वाक्य, एक गुण, पुढचा प्रश्न.

हेच उत्तर त्यांनी त्या दिवशी माझ्या मुलीला मोठ्या प्रेमानं सांगितलं. ती नऊ वर्षांची, जन्मापासून दिल्लीत वाढलेली. तिनं बाल्कनीतून खाली बघितलं, मग कडेच्या झाडांकडे बघितलं.

“पण आजोबा, त्या नीमवर पण तर सेम पाऊस पडतो ना? फिर ते कसे एवढे मोठे झाले?”

बाबांनीही कडेच्या झाडांकडे बघितलं. मग म्हणाले, “चांगला प्रश्न आहे.” आमच्या शाळेत याचा अर्थ ‘सरांना उत्तर येत नाही’ असा व्हायचा हे मला माहीत होतं, म्हणून मी हसू दाबायला कपात तोंड घातलं.

बाबा दिल्लीला आले होते ते आईचं वर्षश्राद्ध आटोपून, ‘होळीपर्यंत’ म्हणून. परतीचं तिकीट त्यांच्या खिशात होतं आणि ते मला अजिबात आवडलेलं नव्हतं. गावाकडे ते एकटे. फोनवर रोज सांगायचे, आज गवारीची भाजी केली, आज वांग्याची केली. शेजारच्या वहिनींनी मला वर्षश्राद्धाच्या वेळी सांगितलं की गेले दहा महिने ते दोन्ही वेळा दहीभात खातायत आणि भाजीची नावं बहुधा बाजारात जाऊन पाठ करून येतायत. ते ऐकून मला रडूच आलं. आता त्यांनी आमच्याकडेच राहावं असं मला त्या दिवसापासून फार वाटत होतं, आणि माझ्या बायकोला माझ्याहून जास्त वाटत होतं.

पण हे त्यांना सांगायचं कोणी? आमच्या घरात असं काही सरळ बोलायची पद्धत नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा बाबा मला म्हणाले होते, “स्वेटर घेऊन ठेव.” आईला दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी त्यांना म्हणालो होतो, “जेवलात का?” त्यात सगळं आलं असं आम्ही दोघंही धरून चालतो. त्यातून मी मंत्रालयात मसुदे तयार करणारा माणूस. जिथे ‘हो’ म्हणायचं असतं तिथे ‘विचाराधीन आहे’ लिहिण्यात माझी निम्मी नोकरी गेली.

त्यामुळे बाबांनीच जेव्हा एक अट काढली तेव्हा मला हायसं वाटलं. होळीच्या आधी ते म्हणाले, “पार्काच्या मधोमध मी एक झाड लावतो. बघू तरी पाऊस कमी पडतो की आणखी काही आहे. आणि खरं सांगू का, जिथे लावलेलं झाड धरत नाही तिथे म्हाताऱ्या माणसानं राहण्यात अर्थ नाही. झाड जगलं तर राहण्याचं बघू. नाहीतर मी मे महिन्यात आपल्या घरी. तिकीट तोवरचं कर.”

मी लगेच “हो हो, लावा ना” म्हणालो. झाडाला पाणी घालणं हे वडिलांना ‘राहा’ म्हणण्यापेक्षा कितीतरी सोपं होतं.

पहिला कडुनिंब लावला. वीतभर उंचीचा, भोवती चार काटक्या रोवलेल्या. बाबा रोज पहाटे बादली घेऊन उतरायचे आणि दर रविवारी लाकडी फूटपट्टीनं त्याची उंची मोजून वहीत लिहायचे. एप्रिलात माळी गवत कापायचं मशीन घेऊन आला आणि दुपारपर्यंत कडुनिंब, काटक्या आणि बाबांचा खाली राहिलेला माती उकरायचा चमचा, सगळं एकसारखं बारीक झालं.

“बाबूजी, पता ही नहीं चला,” माळी कळवळून म्हणाला. पन्नाशीचा, फरीदाबादहून रोज ये-जा करणारा सज्जन माणूस. “घास में छुपा हुआ था।”

बाबांनी वहीत लिहिलं, ‘यंत्र’. आणि मला म्हणाले की प्रयोग अर्धवट सोडून जाता येणार नाही, तिकीट आणखी पुढे ढकल. मी इतक्या आनंदानं ते ढकललं की बायको म्हणाली, तोंड जरा पाडा, झाड मेलंय.

मेलेलं झाडही आपल्या उपयोगाचं आहे हा माझा समज जुलैपर्यंत टिकला. पहिल्या पावसानंतर बाबांनी जांभूळ लावलं, या खेपेला ठसठशीत, गुडघ्याएवढं, मशीनवाल्याला दिसावं म्हणून वर लाल चिंधी बांधून. माळी त्याला वळसा घालून मशीन फिरवू लागला. पण त्या चिंधीकडे गायीचं लक्ष गेलं. या गायीबद्दल मी जास्त बोलत नाही, कारण ती रोज सकाळी कॉलनीत येते ती माझ्या बायकोच्या हातची पहिली पोळी खायला. त्या दिवशी पोळीला उशीर झाला. गायीनं मधल्या वेळात थोडं गवत खाल्लं आणि थोडं जांभूळ खाल्लं. आठवड्यात गवत होतं तसं झालं. जांभळाची एक काडी उरली आणि तीही नंतर वाळली.

बाबांनी वहीत लिहिलं, ‘गुरे’. मग चष्मा काढून म्हणाले, “आता तिसरं. हे शेवटचं.”

त्यांच्या आवाजावरून मला कळलं की आता मुदतवाढ मिळणार नाही. दिवाळीच्या आधीचं तिकीट त्यांनी मला समोर बसवून काढायला लावलं, लोअर बर्थ, निजामुद्दीनहून.

तिसरं होतं बेलाचं रोप. भोवती विटांचं गोल कुंपण केलं, गायीला पोळी वेळेवर जाऊ लागली, माळ्याला रोज चहा. असा बंदोबस्त कुठल्या मंत्र्याला नसेल. तरीही ऑगस्टात बेलानं माना टाकल्या. बाबांनीच प्रेमापोटी पावसाळ्यातसुद्धा सकाळ-संध्याकाळ बादली ओतली होती आणि विटांच्या आत डबकं साचलं होतं. मुळं कुजली. बाबांना अजून कळलं नव्हतं, त्यांना वाटत होतं उकाडा आहे.

मग मी एक गोष्ट केली, जी सरकारी माणसानं करू नये. एका शनिवारी बायको बाबांना कुर्ते घ्यायला म्हणून सरोजिनी नगरच्या बाजारात घेऊन गेली आणि मी नर्सरीतून बेलाचं दुसरं रोप आणून जुन्याच्या जागी लावलं. जुनं पिशवीत घालून लांबच्या कचऱ्यात टाकलं. माळ्यानं सगळं बघितलं आणि तोंड फिरवून पाइप धुवायला लागला. नवं रोप हुबेहूब होतं. फक्त चार बोटं बुटकं होतं, पण नर्सरीत त्या मापाचं दुसरं नव्हतं.

रविवारी बाबा पट्टी घेऊन उतरले. मी बाल्कनीत वर्तमानपत्र धरून उभा, उलटं धरलं असतं तरी मला कळलं नसतं. बाबांनी एकदा मोजलं. पट्टी पुसली. पुन्हा मोजलं. मग आकाशाकडे बघितलं, “हं” म्हणाले आणि वही मिटून वर आले. मी सुटलो असं समजून दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना समोसे खाऊ घातले.

नवा बेल छान धरला. तीन तीन पानांचे कोवळे पोपटी झुबके फुटले. बाबांच्या गप्पांत ‘पुढच्या उन्हाळ्यात कूलर’ असे शब्द येऊ लागले. बायकोनं त्यांच्यासाठी कपाटाचा एक कप्पा रिकामा केला, काही न बोलता. आम्ही सगळे त्या हातभर रोपाकडे बघून दिवस काढत होतो.

आणि गणपती आले.

आमचा दीड दिवसाचा. चतुर्थीला सकाळी स्वयंपाकघरात मोदकांची धांदल, बायकोचे दोन्ही हात उकडीत. तिनं मुलीला हाक मारून सांगितलं, “खाली जा आणि एकवीस दूर्वा आण. तीन पानांच्या हव्यात. कोवळ्या. वरचा शेंडा घ्यायचा, धुवून आण.” मुलगी “ओके” म्हणून तबक घेऊन पळाली. आता दिल्लीत वाढलेल्या मुलीला दूर्वा म्हणजे गवत असतं हे माहीत असेल असं आम्ही गृहीत धरलं. ती दर वर्षी दूर्वा बघत होती, पण जुडी बांधलेल्या, दोऱ्यानं, बाप्पाच्या डोक्यावर. आईनं सांगितलेल्या खुणा मात्र तिनं नीट लक्षात ठेवल्या होत्या. पोरगी माझी आहे, लेखी सूचना तंतोतंत पाळते.

वीस मिनिटांनी ती आली. तबकात धुतलेली, टवटवीत, तीन तीन पानांची एकवीस पानं, आणि मधोमध नक्षीसारखा ठेवलेला एक शेंडा.

“पूरे एकवीस आहेत, आजोबा. मी दोन वेळा काउंट केले. एकाच झाडावर मिळाले, बिल्कुल फ्रेश.”

बाबा सोवळं नेसून पाटावर बसले होते. त्यांनी तबकाकडे बघितलं. बायकोनं बघितलं आणि तिच्या हातातला मोदक पसरला. मी खिडकीशी गेलो. विटांच्या गोलात एक हिरवी काडी उभी होती.

मुलीला आमच्या चेहऱ्यांवरून कळलं की काहीतरी भयंकर झालंय, आणि काय झालंय हे कळायला तिला आणखी दोन क्षण लागले. मग तिनं जो हंबरडा फोडला तो खालच्या मजल्यावर आरती समजून कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

“रडू नकोस,” बाबा म्हणाले. “पत्रीत बेल चालतो.” आणि त्यांनी ती एकवीस पानं एकेक करून गणपतीला वाहिली. दूर्वा मी जाऊन आणल्या.

काडी वाळायला आठवडा लागला. मुलगी रोज शाळेतून येऊन तिच्याजवळ उभी राहायची. एकदा तिनं मला विचारलं, “पपा, आजोबा आता माझ्यामुळे जाणार?” मी म्हणालो, “नाही गं, वेडे.” पण तिकीट माझ्याच मोबाइलमध्ये होतं. बाबांनी बॅग काढली नव्हती, पण कपाटाच्या कप्प्यातही काही ठेवलं नव्हतं. कूलरचा विषय बंद झाला. मला स्वतःचा इतका राग येत होता की मी ऑफिसात एका बिचाऱ्या टिपणीवर लाल शाईनं तीन उद्गारचिन्हं काढली.

मग एक रविवार आला. बाबा, मुलगी आणि मी पार्कात उभे होतो. माळी वाळलेली काडी उपटत होता. मुलगी विटांशेजारी उकिडवी बसून गवताकडे बघत होती, एकदम म्हणाली, “आजोबा, मम्मीसाठी पपांनी जिथून दूर्वा तोडल्या ना, तिथे परत आल्या. मी तर पानंच घेतली, तरी झाड मेलं. गवत का नाही मेलं?”

बाबा “चांगला प्रश्न” म्हणायच्या बेतात होते, पण म्हणाले नाहीत. त्यांनी माळ्याकडे बघितलं.

माळ्यानं खुरपं घेतलं आणि दूर्वांचा एक गड्डा उपटून वर धरला. वर बोटभर हिरवं, आणि खाली पांढऱ्या गाठीगाठींचा हा एवढा गुंता. “घास का सारा माल नीचे है, बिटिया। मैं मशीन चलाऊँ, गाय चर जाए, कोई आग लगा दे, नीचे से फिर निकल आएगी। और पेड़ का बच्चा जो कमाता है, ऊपर चढ़ा देता है। ऊपर से ले लो तो उसके पास क्या बचा? बड़ा हो जाता तो झेल लेता।”

“और पानी?” बाबांनी विचारलं. त्यांना आपलं एक वाक्य अजून सोडवत नव्हतं.

“पानी भी है, बाबूजी। सूखे में पेड़ का बच्चा पहले जाता है। पर अकेला पानी नहीं। देखिए।” त्यानं बुटाच्या टोकानं गवत बाजूला केलं. आत कडुनिंबाची बोटभर रोपं होती, एक नाही, पाच-सहा. थोडं पुढे आणखी. “हर बरसात में उगते हैं। हर महीने मैं काट देता हूँ। दो-चार साल मशीन न चलाऊँ तो यहाँ जंगल खड़ा हो जाएगा।”

बाबा गुडघे टेकून खाली बसले आणि ती रोपं बोटानं मोजू लागले. मग त्यांनी खिशातून वही काढून तिथेच लिहायला घेतलं. लिहिता लिहिता मोठ्यानं बोलत होते. प्रेअरीत दर थोड्या वर्षांनी वणवे लागायचे. रानरेड्यांचे कळप चरत जायचे. अवर्षण यायचं. या सगळ्याचा मार वरून. गवताचा जीव खाली, झाडाचा वर. दर वेळी झाडाला पहिल्यापासून सुरुवात, गवताला नाही. त्यांचे डोळे चमकत होते. “चार गुणांचा प्रश्न होता रे हा. मी एका गुणात गुंडाळला, एकतीस वर्षं! आणि तुझ्या मुलीनं तो एका दिवसात करून दाखवला.”

मुलगी कित्येक दिवसांनी हसली. मला वाटलं, हीच वेळ. मी माझ्या मंत्रालयीन हुशारीनं म्हणालो, “म्हणजे बाबा, झाड जगलं नाही यात जागेचा काही दोष नाही. ती अटच आता गैरलागू होते. आपण चौथं लावू.”

“पाचवं,” बाबा वहीतून मान वर न करता म्हणाले.

माळी पुन्हा पाइप धुवायला गेला.

“एक तू बदललंस ना. झाड आठवड्यात चार बोटं आखडत नाही. पट्टी हातात घेऊनच जन्म गेलाय माझा.”

माझे कान तापले. “मग बोलला का नाहीत?”

“का बोलू? मलाही ते जगायलाच हवं होतं.” त्यांनी वही मिटली. “मी म्हटलं, पोरगा झाड चोरून बदलतोय म्हणजे त्याला वाटत असणार. पण सात महिने झाले. तुझी बायको कप्पा रिकामा करते, ही पोर रडते, तू रोपं आणतोस. राहा असं कोणी म्हणालं का मला?”

“म्हणायला कशाला हवं? तुमचंच घर आहे.”

“माझं घर गावाला आहे. तिथे कोणी नाही. हे तुझं घर आहे, म्हणून बोलवायचंही तूच.”

मी गवताकडे बघून म्हणालो, “राहा ना, बाबा.”

“गवताला सांगतोयस?”

मी वर बघितलं. त्यांच्या चष्म्याच्या काचांवर माती उडाली होती. “बाबा, तुम्ही आमच्याकडे राहा. तुम्ही तिथे एकटे दहीभात खाता हे मला सहन होत नाही.”

ते उठले, धोतर झटकलं आणि तरातरा गेटाकडे चालू लागले. मुलगी त्यांच्यामागे धावली. मला वाटलं, दहीभाताचं बोलायला नको होतं, चिडले. मी मागे जायला निघालो तर पाइप टाकून आलेल्या माळ्यानं माझा हात धरला.

“जाने दीजिए साहब। रो रहे हैं बाबूजी।”

मग मी तिथेच थांबलो. मलाही कोणी बघू नये असंच वाटत होतं. अर्ध्या तासानं मुलगी आजोबांचा निरोप घेऊन आली की तिकीट रद्द कर, आणि आज भाजी गवारीची कर.